काशीफळ संपेपर्यंत

१० डिसेंबर, बुधवार
शालू सकाळच्या बसने पुण्याला गेली. श्रेयाचं दुसरं बाळंतपण. लेकीकडे महिनाभर तरी राहील. घरात आता आम्ही दोघंच, मी आणि आप्पा. काशीफळ धरलं तर तिघं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी देवगाव रंगारीहून आले, तेव्हा हातात कपड्यांची एवढीशी पिशवी आणि खांद्यावर हे लाल भोपळ्याचं घागरीएवढं धूड. आता ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, डॉक्टर खूश. मी सहज विचारलं, मग आता पुढे काय? यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. आप्पांनी काशीफळाकडे बघितलं. मग म्हणाले, "एवढं काशीफळ संपलं की जातो."

म्हणजे प्रश्न फक्त काशीफळाचा आहे. एका आठवड्यात संपवणे. मी कंपनीत पंचवीस वर्षं प्लॅनिंग सेक्शनला आहे. रजा टाकलेलीच आहे. मला घाई मुळीच नाही. पण आप्पांच्या टीव्हीचा आवाज आमच्या पुंडलिकनगरच्या दुसऱ्या टोकाला जातो. पहाटे चारला सगळ्या खोल्यांतले दिवे लागतात.

शालूने जाताना रेसिपी सांगितली. तेल, मोहरी, लसूण, हिरवी मिरची, फोडी, मीठ, वर झाकण. बस. तिला म्हटलं, ही रेसिपी नाही, हा टेलिग्राम आहे. तिने फोडी मात्र करून दिल्या नाहीत. अख्ख्या काशीफळाला पहिला सुरा बाईने लावायचा नसतो म्हणे. मी तिला अंधश्रद्धेवर दहा मिनिटं समजावलं. ती रिक्षात बसली.

११ डिसेंबर, गुरुवार
सुरा काशीफळात अडकला. पुढे जाईना, मागे येईना. सुरा उचलला तर काशीफळही उचललं जात होतं. आप्पा काळा चष्मा लावून दारात उभे राहून बघत होते. मी म्हणालो, हा सुरा भाज्यांसाठी नाही. आप्पा म्हणाले, "मग हे काय हाय?" त्यांनी सुऱ्याच्या पाठीवर बत्त्याचा एक ठोका दिला. दोन भकलं. डोळ्याला ताण पडेल म्हणून मी रागावलो. मी ठोकलं असतं तर सरळ रेषेत कापलं असतं.

आजचा मेनू इंटरनेटवरचा. फोडी, ऑलिव्ह ऑईल, दालचिनी पावडर, एअर फ्रायर. दालचिनी घरात नव्हती. गल्लीत चांदपाशाचा भाजीचा गाडा येतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, "कद्दू में दालचिनी? क्या साब, कद्दू की शादी है क्या?" लोकांना एक्स्पोजर नाही. किराणा दुकानातून आणली.

रंग उत्तम आला. आप्पांनी एक फोड तोंडात धरली आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "च्यात पडलं व्हतं का?" नंतर कोपऱ्यावरून आणलेली भाकरी कांद्याशी खाल्ली. मी उरलेलं डस्टबिनकडे नेत होतो तर गरजले, "टाकायचं नाय!" म्हणजे मीच खायचं. खाल्लं. थंड झाल्यावर जास्त वाईट लागतं.

१३ डिसेंबर, शनिवार
सूप. यात चुकायला जागाच नाही.

गरम सूप मिक्सरमध्ये पूर्ण भरायचं नसतं, हे कुठेतरी मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं. झाकण उडालं. छत, घड्याळ, शालूचं कॅलेंडर, सगळं पिवळं. आप्पा आवाज ऐकून आले. त्यांच्या पुढ्यात वाटी ठेवली. म्हणाले, "हे प्यायचं का अंगाला लावायचं? हळद हाय का माझी?" आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले. मला हसू आलं नाही. मी शिडीवर होतो.

शालू नेहमी म्हणते, बापलेकांत विळ्या-भोपळ्याएवढं सख्य. यात विळा कोण, हे आज स्पष्ट झालं.

१४ डिसेंबर, रविवार
घारगे. किसलेलं काशीफळ, गूळ, कणीक. पीठ सैल झालं म्हणून कणीक घातली. मग घट्ट झालं म्हणून काशीफळ घातलं. मग गूळ कमी वाटला. गुळाचं पाणी सुटलं म्हणून पुन्हा कणीक. दुपारपर्यंत परात भरली. काशीफळ वाटीभर संपलं आणि खाण्याचं सामान पाचपट वाढलं. प्लॅनिंगच्या दृष्टीने ही उलटी दिशा आहे.

घारगे फुगले नाहीत. तळल्यावर त्यांचा टणटण आवाज येत होता. आप्पांनी एक घारगा टेबलावर वाजवून बघितला आणि म्हणाले, दात बसवून घेतले की खातो. शेजारच्या संध्यावहिनींना डबाभर दिले. संध्याकाळी डबा परत आला. घारग्यांसकट.

१५ डिसेंबर, सोमवार
आज ब्रेक. स्ट्रॅटेजी बदलण्यासाठी.

आप्पांनी काशीफळाच्या बिया धुऊन खाली कोणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर वाळत घातल्या. मालक भांडायला आला. मीच माफी मागितली. आप्पा वर येऊन म्हणाले, "लोखंड लई चांगलं तापतं त्येचं."

डोळ्यांत थेंब दिवसातून चार वेळा. मोबाईलला अलार्म लावला आहे. थेंब टाकताना आप्पा माझं मनगट घट्ट धरतात. थेंब पडून गेला तरी सोडत नाहीत. मला दुसरी कामं असतात. पण ओढून घ्यावं तर डोळ्याला धक्का लागायचा, म्हणून बसून राहावं लागतं. आज बराच वेळ बसलो. मेंढरांच्या मागे फिरत असतानाच्या गोष्टी सांगत होते. ऐकल्या. दुसरा इलाज नव्हता.

१६ डिसेंबर, मंगळवार
शालूचा फोन. नातू झाला! दोघंही सुखरूप. आप्पांनी गूळ वाटला, म्हणजे मला दिला, मी त्यांना दिला.

शेवटी तिने विचारलं, जेवता काय? मी म्हणालो, व्हरायटी. तिने पुन्हा तोच टेलिग्राम सांगितला. वर म्हणाली, भाजीत पाणी घालू नका, झाकणावर घाला. मी म्हणालो, झाकणावर? भाजी झाकणाखाली असते. ती म्हणाली, मला बाळाला बघायचंय, आणि फोन ठेवला.

तिच्या समाधानासाठी तिची भाजी केली. फक्त थोडी सुधारणा. काळा मसाला, टोमॅटो, शेंगदाण्याचा कूट, कसुरी मेथी. करपू नये म्हणून पाणी. काशीफळाला स्वतःचंही पाणी सुटतं ही माहिती मला कोणी दिली नव्हती. ताटात भाकरी तरंगायला लागली. आप्पा म्हणाले, "नळाची आठ-आठ दिस वाट बघता तुम्ही, अन् भाजीत तांब्या वततूस व्हय?"

मी ताडकन उठलो. म्हणालो, नाही आवडत तर बनवून घ्या. आप्पांनी ताटातलं वाटीत ओतलं. सगळी भाजी ओरपून प्याले. वाटी धुऊन ठेवली. हे मला जास्त लागलं.

१७ डिसेंबर, बुधवार
आठवडा झाला. टार्गेट हुकलं. कारण स्पष्ट आहे, समोरच्या पार्टीचं को-ऑपरेशन नाही. आप्पा मुद्दाम दोन-दोन फोडी खातात.

धाकट्या भावाचा, अजिनाथचा गावाहून फोन आला. आप्पांना कधी पाठवतोस? गव्हाला पाणी द्यायचंय, घरी कोणीतरी पाहिजे. मी फोन स्पीकरवर टाकला. आप्पा लांबूनच ओरडले, "काशीफळ हाय अजून!" अजिनाथला वाटलं, ऑपरेशनचा परिणाम आहे.

नंतर फ्रिज उघडून बघितलं. पावच काशीफळ राहिलं आहे. एवढं कमी? मी दोनदा बघितलं. मागच्या बाजूलाही बघितलं.

संध्याकाळी सहजच खाली गेलो. चांदपाशाच्या गाड्यावर एक काशीफळ होतं, छोटंसं, हिरवट. घेतलं. का घेतलं याला तसं कारण नाही. स्वस्त होतं. चांदपाशा म्हणाला, "साब, पहला खतम हुआ क्या?" मी म्हणालो, हौ, होतच आलं. तो बघतच राहिला.

१८ डिसेंबर, गुरुवार
नवं काशीफळ ओट्यावर मध्यभागी ठेवलं. दिसेल असं. आप्पा पाणी प्यायला आले. बघितलं. हात फिरवला. म्हणाले, "हे आपल्या रानातलं नाय." मी म्हणालो, नाही. म्हणाले, "मग कशाला आणलं?"

माझी पूर्ण तयारी होती. रात्री अंथरुणावर वाक्यंही जुळवली होती. पण ते तसे समोर उभे राहून, चष्मा काढून, नव्या डोळ्याने माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "स्वस्त होतं."

आप्पा म्हणाले, "बरं." आणि गॅलरीत जाऊन बसले. टीव्हीही लावला नाही. एवढी शांतता असूनही मला दुपारी झोप आली नाही.

शालूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्यांना तोंडाने एकदा तरी 'राहा' म्हणालात का? मी म्हणालो, यात म्हणायचं काय? नवीन काशीफळ आणलं, म्हणजे संपलं नाही, म्हणजे जायचं नाही. लहान पोरालाही कळेल. ती म्हणाली, मग लहान पोरालाच सांगा, आणि बाळाला फोनजवळ धरलं. बाळ रडलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार
शेवटचं पाव काशीफळ. डोकंच चालत नव्हतं, त्यामुळे काहीही सुधारणा केली नाही. तेल तापलं, मोहरी तडतडली, लसूण लाल झाला, मिरची, फोडी, मीठ. वर ताट झाकलं आणि ताटात पाणी ओतलं. कोणी बघत नाही ना बघून घेतलं. आत फोडी आपल्याच पाण्यात शिजत होत्या. दहा-पंधरा मिनिटांत घरभर असा वास सुटला की मी स्वतः दचकलो.

आप्पा न बोलवता येऊन बसले. पहिला घास घेतला. मग मान खाली घालून जेवतच राहिले. भाकरीने ताट पुसून घेतलं. कढईत उरलेली भाजी मागितली. म्हणाले, "आता जमली तुला."

चोपन्न वर्षांत या माणसाने मला जमलं म्हटलेलं मला आठवत नाही. मी दुसरीकडे बघत भांडी गोळा करायला लागलो.

मग म्हणाले, "चला. संपलं काशीफळ. उद्याची येष्टी धरतो."

मी ओट्याकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. ते अगदी समोर होतं.

टार्गेट पूर्ण. दोन दिवस लेट, पण पूर्ण.

२० डिसेंबर, शनिवार
स्टँडवर सोडलं. गाडीला गर्दी होती, पण खिडकी मिळाली. थेंबांची बाटली पिशवीत वरच ठेवली, दोनदा दाखवली. गाडी सुरू झाली तेव्हा मी खिडकीला धरून थोडा चाललो. आप्पा वाकले, म्हणाले, "काय?" मी म्हणालो, पोचल्यावर फोन करा. ते म्हणाले, "ते काशीफळ लवकर चीर. देठाकडं मऊ लागतंय."

घरी येऊन टीव्ही लावला. माझ्या आवाजात. काही ऐकू येत नव्हतं म्हणून वाढवला.

२१ डिसेंबर, रविवार
पहाटे चारला जाग आली. सगळे दिवे बंद. उठून गॅलरीतला लावला.

सातला थेंबांचा अलार्म वाजला. दुपारी पुन्हा वाजला. बंद कसा करायचा ते मला माहीत आहे.

देठाकडे खरंच मऊ लागतंय, आजच चिरायला हवं. पण विचार केला, रिवाज म्हणून काही गोष्ट असते. घरातल्या मोठ्या माणसाने पहिला ठोका द्यायचा असतो. मी मानत नाही, पण शालू मानते, आणि तिच्या भावना दुखवणं बरं नाही. म्हणून केवळ तिच्यासाठी गावाला फोन लावला. आप्पांना म्हणालो, काशीफळ तुमच्यासाठी अडलंय. दोन दिवस येऊन जा.

आप्पा हसले. म्हणाले, "तुझं वय काय रे?" मी म्हणालो, चोपन्न. "मग? घरातला मोठा माणूस तूच की आता. दे ठोका."

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. मला वाटलं फोन कट झाला. मग त्यांनी विचारलं, "आजून काय म्हणायचंय का?"

मी म्हणालो, थेंब टाकले का? म्हणाले, "टाकतो अजिनाथ." मी म्हणालो, हात धरू देतो का? ते म्हणाले, "आं?" मी म्हणालो, काही नाही, नेटवर्क नाहीये. आणि फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं. दोन अक्षरी शब्द. काल खिडकीशी म्हणता आला असता, परवा ताटाशी, गुरुवारी ओट्याशी. म्हणायचा राहिला.

सुऱ्याच्या पाठीवर बत्ता मारला. एका ठोक्यात दोन भकलं, अगदी सरळ रेषेत. बघायला कोणी नव्हतं.

भाजी केली. पाणी झाकणावर घातलं. तशीच झाली, परवासारखी. सवयीने दोन माणसांची केली गेली. कोपऱ्यावरून भाकरीही चार आणल्या.

उरली आहे. टाकायची नाही.