कार्डूनच्या अंगाचं माप

ती. आत्यास,

तुझ्या भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (हातात काटे भरलेत, म्हणून जरा अलगदच जोडलेत). तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे खुशाल आहेत, आणि आई गेल्यापासून हे वाक्य आज पहिल्यांदाच खरं लिहितोय. श्रेय तुझ्या कार्डूनच्या रोपांचं.

रोपं देताना तू म्हणालीस की हे आर्टिचोकचं चुलत भावंड, याचे देठ खातात. वाढलं की गळ्यापर्यंत गुंडाळून अंधारात ठेवायचं, म्हणजे कडूपणा जातो. काट्यांबद्दल अवाक्षर काढलं नाहीस (भावंडांचे दोष सांगतं कोण म्हणा). झाडं माझ्या छातीला लागली. गुंडाळायला पोती पुरेनात, तेव्हा मी जुन्या पँटी, पडदे, बायकोचा कोट, जे हाती लागेल ते सुतळीने आवळलं. पोस्टमन त्या रांगेला नमस्कार करून गेला.

दादांचं तुला ठाऊकच आहे. दुकानाला कुलूप, शिलाई मशीन तुझ्याकडे रवाना, आणि स्वतः दिवसभर खिडकीतल्या खुर्चीत. डॉक्टरांचं, शेजाऱ्यांचं, माझं, सगळ्यांचं सांगणं पालथ्या घड्यावर पाणी. एक दिवस जेवायला हाक मारली तरी उठणार नाहीत, अशी मला धास्ती बसली होती. त्याच खिडकीखाली माझी ही कलाकुसर चालली होती. मागे वळून बघतो तर दादा उभे, गळ्यात टेप.

"हे काय शिवलंयस?"

शिवलं नाही, बांधलंय, असं मी म्हणालो.

"दिसतंय. शिंप्याचा मुलगा ना तू?"

मग एकेका झाडाचं माप घेतलं (एकाचा खांदा उतरता, एकाचं पोट सुटलेलं) आणि प्रत्येकाला अंगाबरोबर बसणारं जाकीट हाताने शिवलं, काजं-बटणांसकट. येणारेजाणारे थांबून बघतात आणि दादा त्यांच्या कॉलरींना नावं ठेवतात. परवा स्वतःहून आत आले आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं. मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडून घेतलं. आत्या, तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

तुझा भाचा

ता. क. भाजी कडूजहर झाली. दादांनी एक घास खाल्ला आणि कापड तरी चांगलं होतं म्हणाले.

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण: ते मशीन परत पाठवशील का? हाताने शिवून त्यांची बोटं सुजलीत. ते मरतील पण मागणार नाहीत. मी लिहिल्याचं त्यांना कळू देऊ नकोस.

ता. क. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. मशीन पाठव. तेल घालू नकोस, मी घालीन. तुझा भाऊ.