शकुनसाठी पाठवलेले पाणी

मु. अमरावती, कार्तिक वद्य ३, शके १७८६

॥ श्री ॥
रा. रा. वामनराव व्याही, मु. अकोला, यांसी नत्थुजीचा रामराम. वि. वि. इकडे सर्व खुशाल. तिकडची खुशाली कळवीत जावी.

चि. शकुन आणि तिची लेक गोदा, दोघींना आज सहदेवाच्या गाडीतून रवाना केले. गाडी कापूस घेऊन खामगावच्या बाजारास चालली आहे, वाटेत चौथ्या दिवशी अकोल्यास पोचेल. बाळंतपणात शकुन फार वाळली. अन्न दिसले की ओकारी येते, पोट थांबत नाही. सुईण म्हणते बाळंतवात आहे, निघेल.

गाडीत आमच्या विहिरीच्या पाण्याची सहा मडकी तोंडे लिंपून ठेवली आहेत. तान्ह्याची आई सासरी गेली की तिने माहेरचेच पाणी प्यावे, दुधात पाणी बदलू नये, ही आपल्या माळ्यांतली रीत तुम्हांस सांगायला नको. ते दुसऱ्या कोणी पिऊ नये. रिकामी मडकी सहदेवाबरोबर परत पाठवावी. त्याची खेप दर पंधरवड्याला आहे.

मळा बरा आहे. विहिरीच्या उगवतीचा तुकडा दोन वर्षांमागे रंगाच्या कारखान्यास दिला, तो तुम्ही पाहिलाच आहे. कापसाने लोकांच्या हाती पैसा खेळतो, ज्याला त्याला पिवळा फेटा पाहिजे. कारखान्यात हरताळाच्या पिवळ्या दगडाची पूड आणि चुना यांच्या कढया दिवसभर रटरटतात. तुमच्या झेंडूचा तोरा आता उतरणार, एवढे ध्यानात असू द्यावे.

आमच्या घरची, म्हणजे मैनाबाई, सांगते की नात सावळी आहे म्हणून विहीणबाईंनी नाक मुरडू नये. आरशात पाहावे, पोरगी कोणाच्या तोंडावर गेली ते कळेल.

लोभ हिरवा ठेवावा, ही विनंती.

---

मु. अकोला, मार्गशीर्ष वद्य १

रा. रा. नत्थुजी व्याही यांसी वामनरावाचा रामराम. वि. वि. सहदेवाची दुसरी खेप पोचली, मडकी पोचली. आरसा पाहून झाला. आमच्या घरच्या पार्बताबाईंचे म्हणणे, नाक आमचे असेल पण रडणे अमरावतीचे आहे, साऱ्या आळीला ऐकू जाते.

शकुनचे मात्र ठीक नाही. तळपायांना मुंग्या येतात, आग होते. रात्री चंद्रभान तिचे पाय ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. माझा लेक कधी स्वतःचा लोटा उचलत नव्हता, तो बायकोचे पाय धरून बसतो हे पाहून मी तोंड फिरवून हसतो, आणि मग हसू येत नाही. अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके उठले आहेत. तळहात खरखरीत झाले आहेत, बाजरीचे दाणे रुतल्यासारखे लागतात. ती म्हणते बाबाले नका सांगू, पण मी सांगतो.

पाणी ती तुमचेच पिते. पार्बताबाई तिला चिडवतात की कावून वो, आमच्या मोर्णा नदीचं पाणी वाघानं उष्टं केलं काय? पण दुसऱ्या कोणाला त्या मडक्यांस हात लावू देत नाहीत.

काळजी करू नये. लोभ आहेच, त्यास खत-पाणी घालीत जावे.

---

मु. अकोला, पौष शुद्ध १२

रा. रा. नत्थुजी व्याही यांसी रामराम. वि. वि. गेल्या दोन खेपांस सहदेव आला नाही. बैल पायाने अधू झाला, असा निरोप पोचला. मडकी संपून वीस दिवस होत आले. शकुनला नाइलाजाने आमचेच पाणी द्यावे लागले.

पण आनंदाची बातमी आहे. शकुन सुधारली. हकीमजींचा काढा लागू पडला असे आम्ही समजतो. काल अर्धी भाकरी आणि वांग्याचे भरीत खाल्ले, आणखी मागितले. आज गोदाला कडेवर घेऊन मळ्यात आली आणि शेवंती तोडणाऱ्या बायांना म्हणाली की तुमी फुलं तोडून राहिल्या का देठं? तिचा आवाज ऐकून चंद्रभानाने मोट मधेच सोडली. मीही रागावलो नाही.

विहीणबाईंस सांगावे. लोभ असावा, तो आहे हे ठाऊक असूनही लिहितो.

---

मु. अमरावती, पौष वद्य ६

रा. रा. वामनराव व्याही यांसी नत्थुजीचा रामराम. वि. वि. पत्र वाचून दाखवले तेव्हा मैनाबाईने देवापुढे साखर ठेवली. सहदेवाने दुसरा बैल जोडला आहे. लेक सावरते आहे अशा वेळी पाणी तुटले याची मला फार रुखरुख लागली. म्हणून या खेपेस दुप्पट, बारा मडकी पाठवतो. पहाटे विहीर ढवळली नव्हती तेव्हा पाणी मी स्वतः ओढून, चौपदरी फडक्यातून गाळून भरले आहे. तिला पोटभर प्यायला सांगावे.

इकडे धाकटी जमुना कुरकुरते. तिच्याही हातांना खरखर आली आहे. मातीत काम करणारी पोर, चालायचेच. कारखान्याने तिसरी कढई चढवली. उरलेला गाळ टाकायला विहिरीपासून दहा हातांवर खड्डा घेतला आहे. वांगी छान लागली आहेत. साऱ्या राजापेठेत आमचीच वांगी खपतात.

लोभाची मुळे खोल जाऊ द्यावी, ही विनंती.

---

मु. अकोला, माघ वद्य ९

रा. रा. नत्थुजी यांसी वामनरावाचा रामराम.

काय लिहावे. परवा दिवस उगवताना चि. शकुन गेली. तुमची गाडी आल्यावर आठ दिवसांत पुन्हा ओकाऱ्या सुरू झाल्या, मग पाय गेले, मग काही पोटात ठरेना. शेवट दोन दिवसांत झाला, निरोप धाडला असता तरी तुम्ही वेळेत पोचला नसता.

शेवटपर्यंत शुद्धीवर होती. गोदाला पार्बताबाईंच्या मांडीवर दिले. आमचे पाणी पुढे केले तर मान फिरवली, मले बाबानं धाडलेलं द्या म्हणाली. ते दिले.

मैनाबाईंना सांभाळावे.

---

मु. अकोला, फाल्गुन शुद्ध १३

रा. रा. नत्थुजी व्याही यांसी वामनरावाचा रामराम. वि. वि. दिवसांवर तुम्ही येऊन गेलात. ओसरीवर माझ्याशेजारी दोन दिवस बसलात आणि मी बोललो नाही. लिहायचे नाही असेच ठरवले होते. काल सहदेव म्हणाला की जमुनेच्या अंगावर ठिपके उठले आहेत आणि तिला चालताना पाय भाजतात. आता गप्प राहिलो तर दुसऱ्या पोरीचे पाप माझ्या माथी बसेल. रागाने लिहितो असे समजू नये.

शकुन गेली त्या दिवशी हकीमजींनी तिचे तळहात पुन्हा पाहिले आणि मला बाजूला घेऊन विचारले की हिला हरताळाचे भस्म कोणी चारत होते काय. म्हणाले, हरताळात सोमलाचे विष असते; दम्यावर ते भस्म वर्षानुवर्षे खाणाऱ्यांच्या अंगावर त्यांनी हेच ठिपके, हेच दाणे पाहिले आहेत. मी म्हणालो, आमच्या घरात हरताळाचा कणही नाही. म्हणालो, आणि तुमच्या विहिरीशेजारच्या कढया आठवल्या.

मग हिशेब लागला. घरात नऊ माणसे, आजारी एकटी ती. नऊ जणांत ते पाणी एकटीच पीत होती. महिनाभर मडकी आली नाहीत, त्याच महिन्यात ती हसली. काढा तर ती आधीपासून घेत होती. हे मला तेव्हाच दिसायला हवे होते. माझ्या डोळ्यांसमोर होते. पार्बताबाई तर स्वतःच्या हाताने तिला पेला भरून देत होत्या. त्या आता चुलीपुढे बसून राहतात.

पाणी स्वच्छ दिसते, वास नाही, चव नाही. तुम्ही गाळले तरी काय होणार होते. जमुनेला आणि मैनाबाईंना त्या विहिरीपासून आजच्या आज दूर न्यावे. पत्र हाती पडेल तेव्हा पुढ्यात पाण्याचा लोटा असेल तर ओतून द्यावा.

माझा लोभ तुमच्यावर होता तितकाच आहे.

---

मु. अमरावती, चैत्र शुद्ध ११, शके १७८७

रा. रा. वामनराव व्याही यांसी नत्थुजीचा रामराम. वि. वि. पत्र पोचले. दोनदा वाचले. मैनाबाईला सगळे सांगितले. तिने एवढेच विचारले की मडकी लिंपताना मी माती आपल्याच मळ्यातली घेतली होती, तिच्यातही होतं काय?

दोघींना भातकुलीस भावाकडे ठेवले आहे. जमुनेला आठ दिवसांत अन्न गोड लागू लागले. पायांची आग आहे, पण कमी आहे. माझ्याही तळहातांवर तेच दाणे आहेत, आजवर कुदळीचे घट्टे समजत होतो. तुम्ही लिहिले नसते तर तीही हातची गेली असती. पार्बताबाईंना म्हणावे, पेला त्यांनी भरला असेल, विहिरीतून पाणी मी ओढले.

कारखान्याच्या मुनीमाकडे गेलो. तो म्हणतो, पोरीची हवा बिघडली असेल, आमचे रंगारी रोज हरताळात हात घालतात. त्यांचे हात दाखव म्हणालो तर हाकलून दिले. विहीर बुजवायला गडी लावले, तेही त्याने थांबवले. जागा देताना विहिरीतला अर्धा वाटा मीच लिहून दिला होता. कराराच्या पाच वर्षांतली अजून अडीच उरली आहेत.

वांगी उपटून जाळली. बाजारात सांगत फिरलो की आमची भाजी घेऊ नका. लोक हसले, भाव चढवायची नवी युक्ती काढली म्हणाले.

मी भातकुलीस गेलो नाही. चैत्र लागला, राजापेठेतल्या तीन विहिरी आटल्या, आमची आटत नाही. बाया घागरी घेऊन इकडे वळतात. पाणी नितळ आहे, नको म्हटले तर कोण ऐकणार. माणिकबाई काल म्हणाली, कापसानं तुमाले मस्ती चढली नत्थुजी, आता पाणीबी विकसान काय. म्हणून दिवस उगवल्यापासून विहिरीच्या काठावर बसतो. देवाची शपथ घालून पाहिली, हात जोडून पाहिले. एकच गोष्ट ऐकून त्या थांबतात. तेव्हा जी येईल तिला सांगतो की लेकीला मी इथलेच पाणी पाठवले, लिंपून, गाळून, चोवीस मडकी. दिवसातून वीसदा सांगावे लागते. सांगितले की घागर रिकामी परत जाते.

आता येथे थांबतो. दोघीजणी येताना दिसतात.

नत्थुजी