मनाचं न ऐकणारे स्नायू

अण्णा, आज नर्सिंगच्या मुलींना स्नायू शिकवताना तुमची फार आठवण आली. हातापायांचे स्नायू पट्ट्यापट्ट्यांचे आणि आपल्या हुकमातले. आतड्यांचे, रक्तवाहिन्यांचे, श्वासनळ्यांचे बिनपट्ट्यांचे आणि स्वतःच्या मर्जीचे. त्यांतही दोन जाती. आतड्यातल्या पेशी एकमेकींना जोडलेल्या, एकीला इशारा मिळाला की सगळ्या मिळून आवळतात. डोळ्याच्या बाहुलीभोवतीच्या सुट्या; तिथे प्रत्येकीला मज्जातंतूचा वेगळा निरोप लागतो. मोठ्या श्वासनळ्यांतल्याही बहुतेक ह्याच जातीत धरतात. पेशीत कॅल्शियम वाढलं की आतले बारीक धागे एकमेकांवर सरकतात आणि नळी आवळते. आवळते सावकाश, पण मग थोडक्या ताकदीवर बराच वेळ तशीच धरून ठेवते.

तुम्ही पडलात चाकणच्या तालमीतले गडी. दंडाच्या बेटकुळ्या आम्हा पोरांना नाचवून दाखवायचात. शरीर सांगितलेलं ऐकतं, एवढंच तुम्हाला ठाऊक. कारखान्यात प्रेस शॉपची शिफ्ट करून तुम्ही घरी येता, आई मिरचीची फोडणी टाकते आणि तुम्ही ओट्याला धरून उभे. छातीतून शिट्टी वाजतेय. आई श्वासाच्या औषधाचा पंप पुढे करते.

"ठेव त्यो. सवय लागती त्याची. पैलवानाला पंप लागतोय व्हय? दम धरला की जातंय समदं."

"दम धरायला आधी अंगात दम ऱ्हायलाय का?" आई म्हणते.

तुम्ही हसता आणि हसता हसता आणखी खोकता. दम्याच्या शेवटच्या झटक्यातही तुम्ही असाच दम धरून बसला होतात. मला तुमचा राग येत नाही, जीव तुटतो. तुमचं मन कच्चं नव्हतं, अण्णा. तो स्नायू मनाचं ऐकणाऱ्यांतला नव्हताच.

माझी लेक कबड्डी खेळते. तिला तुमची छाती मिळालीय, खोडही तुमचीच. काल पिंपळे सौदागरच्या मैदानावर धाप लागली तरी पंप बाहेर काढेना. "सगळ्यांसमोर नको गं मम्मी!" आजोबा हार्ट अटॅकनं गेले, असंच आम्ही तिला सांगत आलो होतो, कारण दम्याचं नाव तुम्हाला सोसलं नसतं. काल तिथेच बाकावर बसून तिला खरं सांगितलं. पंपातलं औषध तो आवळलेला स्नायू ढिला करतं, हेही सांगितलं. तिनं पंप बाहेर काढला आणि सगळ्यांदेखत ओढला.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? पण पाठवता आलं असतं तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही रागावला असतात, आणि मला तुमची माफी मागायची नाही.