पांढऱ्या कोंबड्या आणि भामाबाईची खुडूक

मी, बायनाबाई जौजे आसाराम, वय साठीच्या पलीकडे, धंदा शेती व कोंबड्या, राहणार मौजे चौसाळा, तालुका व जिल्हा बीड, आज पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून आणि कोणाच्याही धाकात नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. धाकात मी नवऱ्याच्याही कधी नव्हते. हेही लिहा म्हटल्यावर लिहिणारे त्रिंबकराव हसले, पण त्यांनी लिहिले.

कलम पहिले. घर व माळाचे शेत मुलगा गहिनीनाथ याला. चांदीचे गोट सुनेला. यावरून कोणी भांडू नये. भांडण्याजोगे धन पुढेच आहे.

कलम दुसरे. माझ्या पांढऱ्या विलायती कोंबड्या व त्यांचा कोंबडा. पाद्रीसाहेबाच्या मडमेकडे मी दूध घालत असे. विलायतेला परत जाताना ती या मला देऊन गेली. ती त्यांना लेगहॉर्न म्हणे. अंग सडपातळ, पाय पिवळे, तुरा एका डोळ्यावर कलंडलेला. खाणे थोडे, आणि गावरान कोंबडी विसावा घेते तेव्हाही हिचे अंडे चालूच. खोड एकच, उबवायला बसत नाही. मला वाटले दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळल्या, डालग्याखाली अंड्यांवर कोंडली, तर ती नाचली आणि सगळी अंडी फोडली. गल्ली हसली, मीही हसले.

कलम तिसरे. थोरली जाऊ भामाबाई, भिंतीपलीकडची. तिची गावरान कोंबडी सदा खुडूक, दगडावरही उबवायला बसेल. अंडी माझी, ऊब तिची, पिल्ले निम्मी निम्मी, असे ठरले. पण पिल्लांना त्याची काय खबर? सांज झाली की सगळी आईमागे तिच्याच खुराड्यात. माझी आणायला गेले तर तिने मला चोर म्हटले. मी तिला जे म्हटले ते लिहायला त्रिंबकराव तयार नाहीत. तेव्हापासून ती आपल्या कोंबडीला सांगते, "तिला म्हणावं, तुजा कोंबडा माज्या भिंतीवर बसतोय." मी माझ्या कोंबड्याला उत्तर देते.

आता माझ्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या. या हिवाळ्यात अंडी उबली नाहीत तर गावातून ही जात जाईल, आणि त्या विचाराने मला रडू येते. गल्लीत आज खुडूक एकच, तिची. मागायला माझी जीभ उचलत नाही. मेल्यावर द्यायला कसली लाज? म्हणून सर्व पांढऱ्या कोंबड्या भामाबाईला. गावरान कोंबडा त्यांच्यात सोडू नये. पिल्ले पांढरी निघतील, पण अंड्यांना कमी पडतील.

कलम चौथे, मागाहून घातलेले. रिवाजाप्रमाणे त्रिंबकरावांनी वरील मजकूर मोठ्याने वाचला. माझ्या सांगण्यावरून भिंतीकडे तोंड करून वाचला. भिंतीवर भामाबाईचे डोके आले.

"बायने, तू मेल्यावर मला कोंबड्या कशाला? अंडी आत्ताच आण. माजी खुडूक सकाळधरनं रिकामीच बसली हाय."

हे ती कोंबडीशी नव्हे, माझ्याशी बोलली, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी. मी अंडी घेऊन निघाले आहे. पिल्ले मोठी होईपर्यंत हे मृत्युपत्र अमलात आणू नये. मला मरायला सवड नाही.

निशाणी अंगठा, बायनाबाई. उजव्या हातात अंडी असल्याने डावा उठवला आहे.

साक्षीदार: आश्रुबा, सही. सुंदरराव, सही, हे भिंतीपलीकडे डालगे धरायला गेल्याने सही मागाहून घेतली.

मुक्काम चौसाळा, पौष शुद्ध पंचमी, फसली सन १३३५.