ठेच्याची खूण

४ सप्टेंबर २०१७, सोमवार

नाही म्हणजे नाही! आमच्या मंडळाचा राजदीप सांगते तसं झॉम्बीचं नाटक मी लिहून देणार नाही. तालुक्याच्या एकांकिका स्पर्धेत उतरायचं, अन् ह्याची अक्कल पाहा — तोंडाले पावडर, दातावर लाल रंग, हात समोर, अन् घुर्रर्र! विहाराच्या पटांगणात सारे पोट्टे हात समोर धरून फिरून राह्यले होते. मले हासू आवरेना.

"काहून हासते व दीपमाला?" चिडलाच तो.

मी म्हटलं, "तुमचे मुर्दे कोणाचेच कोणी नाहीत, म्हून."

तोंडातून निघून गेलं. पण घरी आल्यावर तेच डोक्यात. अनोळखी मुर्दा आला तं माणूस पळते. झालं, खेळ खतम! पण मुर्दा आपल्याच घरी आला, पाय धुतले अन् ताटावर बसला तं? मंग कुठे पळशीन?

६ सप्टेंबर, बुधवार

सापडलं! आपले मुर्दे चावत नाहीत. ते घरी परत येतात अन् कालचंच काम करतात. पोरगा वावरात मरते. सांजेले घरी येते, जेवते, झोपते, सकाळी डबा घेऊन पुन्हा वावरात. बोलत नाही जास्त. पण दिवसभर राबून आलेला कोणता माणूस बोलते? घरच्याइले समजतच नाही.

राजदीप म्हणे, "मंग पाहणाऱ्याले कसं समजन?" नालायक कधीमधी बरोबर बोलते. काहीतरी खूण पाह्यजे. एकदम लहान, घरातली.

७ सप्टेंबर, गुरुवार

श्रावणदादा फवारणीवरून आला. यंदा कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. फवारा वर मारा लागते, अन् सारा आपल्याच तोंडावर पडते म्हणे. एवढा धिप्पाड भाऊ माझा, पण ठेच्याले भेते! मायनं हिरव्या मिरचीचा केलता. एक घास घेतला अन् — "स्स! हा! पाणी दे व दीपे!" डोळे भरले, नाक गळाले लागलं. माय हासू हासू बेजार.

अन् मी तिथंच उडी मारली. हीच खूण! ठेच्यानं जित्याच्या डोळ्यात पाणी येते, मुर्द्याच्या येत नाही. नाटकातली माय ठेचा वाढते अन् पोराच्या डोळ्याकडे पाहते. कोरडे!

८ सप्टेंबर, शुक्रवार

कॉलेज बुडवून लिहून राह्यली. माय बोलली. बोलू दे.

११ सप्टेंबर, सोमवार

शेवटावर अडलं. नाटकातल्या मायले समजलं का पोरगं मेलेलं आहे. आता ती काय करन? राजदीप म्हणे किंचाळन, गाव गोळा करन, अन् सारे मिळून त्याले जाळतीन. शी! हेच तं सारे करतात.

माय भाकरी थापत होती. सहज विचारलं, "तुह्या पोराचं असं झालं तं कोणाले सांगशीन?"

"कायले सांगू?" माय म्हणे. "पोरगं घरी जेवून राह्यलं ना? सांगतलं तं नेतीन त्याले लोक." अन् भाकर परतली.

हाच शेवट! ओसरीतून दादा म्हणे, "दीपे, मलेच घे तुह्या नाटकात. आजकाल मेल्यावानीच थकवा येते." मायनं त्याले असं काही रागावलं! तो हासत राह्यला.

१३ सप्टेंबर, बुधवार

हात समोर — बंद! घुर्रर्र — बंद! पोट्टे आता नुसते येतात, पाय धुतात, ताटावर बसतात. कोणी हासलं नाही. शेजारचा धम्मरत्न पाहाले आलता, मधातूनच उठून घरी गेला. म्हणे, "मले आमच्या घरचं आठवून राह्यलं, थांबत नाही मी." जमलं! किती दिवसानं इतकी खुश झाली मी.

१९ सप्टेंबर, मंगळवार

आज गंमतच झाली. तालमीहून आली तं दादा जेवून राह्यला होता. डोळ्यातून धारा, नाक गळून राह्यलं, तोंडातून लाळ बी! मी दारातूनच टाळ्या वाजवल्या. "माय, पाह्य! दादा जिता हाय! पास झाला!"

दादा बी हासला. मंग म्हणे, "दीपे, लाईट काहून मंद केला व?" लाईट होता तसाच होता. मी म्हटलं, नाटक करू नोको. तो ताट तसंच ठेवून लवंडला. धम्मरत्नच्या घरी जाऊन सांगतलं, सारे हासले.

२० सप्टेंबर, बुधवार

दादा उलट्या करून करून पडला. उत्तमसिंगच्या जीपमध्ये टाकून यवतमाळले नेलं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

दवाखान्यात सारे फवारणीवालेच. राळेगावचे, दारव्ह्याचे, कुठकुठचे. कोणाच्या डोळ्यावर पट्टी. कोणाचे हात पलंगाले बांधलेले, कारण ते नळ्या उपटतात. अन् गळ्यातून आवाज काढतात — तोच, घुर्रर्र. मी त्याच आवाजाले हासली होती. राजदीप भेटाले आलता. दोन पलंग पाहिले अन् बाहेर जाऊन ओकला.

दादाचे बी हात बांधले. मी म्हटलं, दादा, मी दीपी. त्यानं मले ओळखलं नाही.

डॉक्टरीण म्हणे, "डोळे, नाक, तोंड गळत असेल. अंधूक दिसत असेल. विष अंगात गेल्याचीच लक्षणं आहेत ही. घरी कोणाला दिसलं नाही?"

दिसलं ना बाई! मले दिसलं. मी टाळ्या वाजवल्या.

बाहेर व्हरांड्यात मायले म्हटलं, "मले वाटलं ठेच्यानं पाणी आलं." माय म्हणे, "ठेचा कुठचा? सांजेपासून मळमळून राह्यलं म्हणे, म्हून मी नुसता दहीभात वाढला होता त्याले." मी ताटाकडे पाहिलंच नव्हतं. मायले वाटलं पोट बिघडलं.

२४ सप्टेंबर, रविवार

राजदीपले सांगतलं, नाटक बंद. तो "बरं" म्हणाला. भांडला नाही. भांडला असता तं बरं वाटलं असतं.

भेव वाटणारी गोष्ट पाह्यजे होती मले, नवी! घे आता. मले काही नोको. मले माझा दादा पाह्यजे.

२६ सप्टेंबर, मंगळवार

हात सोडले. डोळे उघडे आहेत. डॉक्टरीण म्हणे, वाचला. माय तिच्या पायाच पडाले गेली.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

काल दादाले घरी आणलं. विष उतरलं म्हणे, आता नुसता आराम. सारी वस्ती पाहाले आली. नंदाबाईनं अंडे आणून दिले. दादा साऱ्याइकडे पाहते, मान हालवते, "हो" म्हणते. अजून एकदाबी "दीपे" म्हटलं नाही. थकला असन.

आज सकाळी उठून पाह्यलं तं दादा ओसरीत उभा. पाठीवर फवारणीचा पंप! रिकामा. पट्टे बरोबर लावलेले, तोंडाले दुपट्टा बांधलेला. मी म्हटलं, "दादा, आज जायचं नाही." त्यानं गुपचूप पंप काढला अन् आत येऊन बसला. मायले सांगतलं. माय म्हणे, "सवय हाय, दुसरं काय?"

३० सप्टेंबर, शनिवार

मीच म्हटलं, माय, आज ठेचा कर. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण केला. भल्ल्या मिरच्या टाकून.

दादानं भाकरीसंग सारा ठेचा खाल्ला. स्स नाही, हा नाही. पाणी नाही मांगितलं. डोळे कोरडे.

मायनं न मांगता पाण्याचा गिलास त्याच्यापुढे सरकवला. मंग माझ्या हातावर हात ठेवला अन् हळूच म्हणे, "कोणाले सांगू नोको."