समोरच्या पंपाचं पेट्रोल

दि. ११ मार्च

चि. सौ. मधलीस अनेक आशीर्वाद.

मग मी दुसरी बाटली नाकाला लावली आणि पंपावर जमलेली मंडळी पुढे झुकली. टॅक्सीमालकाने चहाचा कप तसाच हातात धरून ठेवला. मी एक श्वास घेतला, तोंड वाकडं केलं, बाटली लांब धरली आणि जाहीर केलं की हा समोरचा माल. राखेचा वास, इंजिनाचं वाटोळं करणारा. त्याआधी आपल्या पंपाची बाटली हुंगली होती, तेव्हा ऊर भरून आला. वडिलांच्या वेळचा तोच स्वच्छ वास. मग बाटल्या सगळ्यांनी आळीपाळीने हुंगल्या. एकानेही वेगळं मत दिलं नाही. टॅक्सीमालकाला तर समोरच्या बाटलीने ठसकाच लागला.

ठरलं. त्याच्या चाळीसही टॅक्सी येत्या महिन्यापासून आपल्याकडे भरणार. सोमवारी सकाळी करारावर सही. समोरच्याचं निम्मं गिऱ्हाईक म्हणजे या टॅक्सी. तो दोन महिन्यांत शटर ओढेल. ओढू दे. वडिलांची कंपनी सोडून दुसऱ्या कंपनीची पाटी लावताना धाकट्याने कुठे कुणाला विचारलं होतं? लावली तीही रस्त्यापलीकडे, माझ्या डोळ्यांसमोर.

दोन्ही बाटल्या टँकरच्या ड्रायव्हरबरोबर तुझ्याकडे पाठवतो आहे. तू डेपोच्या प्रयोगशाळेत असतेस, तर भावाला एवढा उपयोग होऊ दे. शिक्का मारून दाखला दे. चौकटीत घालून पंपावर लावीन.

जावईबापूंना नमस्कार. लोभ आहेच, दाखल्याबरोबर वाढेल.

तुझा दादा


दि. १४ मार्च

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

बाटल्या पोचल्या. त्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्याही वाचल्या. अक्षर तुझंच आहे, म्हणजे आधी चिठ्ठी वाचायची आणि मग वास ओळखायचा. असं नाक पंचक्रोशीत दुसरं नसेल.

तुला मागेही सांगितलं होतं, तेव्हा तू जांभई दिलीस. आमच्या डेपोत साध्या पेट्रोलची टाकी एक आहे. कारखान्यात चार-सहा घटक मिसळून, हवामान बघून ते जुळवतात. मग कारखाना कुणाचाही असो, ते पाइपातून येऊन त्या एकाच टाकीत पडतं. तुझ्या कंपनीचा टँकर ज्या नळाखाली भरतो, त्याच नळाखाली त्याच्यामागे धाकट्याच्या कंपनीचा. फरक पडतो तो भरताना. शेजारच्या पिंपातून ज्याच्या त्याच्या कंपनीचं औषध आत सोडतात, हजार लिटरला कपभर. इंजिनात काजळी धरू नये म्हणून. औषध औषधात फरक असतो, ते मी नाकारत नाही. एखाद्या कंपनीचं तोकडंही असतं. तुम्हा दोघांची मी तपासली आहेत, दोन्ही चांगली आहेत. पण हा फरक पाहायचा तर टॅक्सी वर्षभर पळवून इंजिन खोलावं लागतं. चहा पिता पिता तो नाकात शिरत नाही.

आता दाखला. दोन्ही बाटल्यांतलं पेट्रोल उडवून तळाशी राहिलेला चिकटा पाहिला. दोन्हींत एकच औषध निघालं. चूक नको म्हणून पुन्हा पाहिलं. दादा, ते तुझ्या कंपनीचं आहे. दोन्ही बाटल्या तुझ्याच पंपाच्या आहेत. राखेचा वास आला तो तुझ्या मालाला.

बाटल्या भरल्या कुणी, ते तुझ्या पंपावरच्या मिशीवाल्यांना विचार. आणि सोमवारच्या आत टॅक्सीमालकाला खरं सांग. तू सांगणार नसशील तर दाखला तयार आहे. शिक्का मारून, चौकटीत घालून त्यालाच पाठवीन.

वहिनींना नमस्कार. राग आला तरी लोभ ठेवावा. दोन्ही एकाच टाकीतले आहेत.

तुझी मधली


दि. १७ मार्च, शनिवार

चि. सौ. मधलीस आशीर्वाद. या वेळी अनेक नाहीत.

मिशीवाल्यांना बोलावलं. वडिलांच्या काळापासूनचा माणूस, म्हणून आवाज चढवला नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं की समोरच्या फुटपाथला ज्याचा पाय लागेल त्याने परत येऊ नये, हा माझाच हुकूम. समोरून बाटली भरून आणा, हाही माझाच. जुना हुकूम आधी पाळायचा, अशी त्यांची रीत. म्हणून त्यांनी एक बाटली आपल्या पहिल्या मशीनवर भरली, दुसरी दुसऱ्यावर. मी विचारलं की मी सगळ्यांसमोर हुंगत होतो तेव्हा का नाही बोललात. तर म्हणाले की मालक इतके रंगात आले होते, मोडवेना.

तुला हसू येत असेल. इथे मला जेवण जात नाही. टॅक्सीमालकाला काय सांगू? की गावाला जमवून मी माझ्याच दुकानाला नावं ठेवली? जन्मभर मला नाकवाला म्हणतील. ठसका तर त्यालाही लागला होता, ते कुणी काढणार नाही. दोष माझ्याच नाकाचा.

बाटल्या नीट धुतल्या नसतील, असंही एकदा मनात आलं. मग वाटलं, पुरे.

धाकट्याला यातलं काही कळवू नकोस. चार वर्षं मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही. हसताना तर मुळीच पाहायचं नाही.

लोभाचं सोमवारनंतर बघू.

दादा


दि. १९ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

आज सकाळी दादा रस्ता ओलांडून आला. दोन्हीकडे न बघता. एक रिक्षा करकचून थांबली. मागे टॅक्सीमालक, बगलेत कराराची फाइल. दादा माझ्या मशीनच्या काट्याकडे बघत उभा राहिला आणि टॅक्सीमालकाला म्हणाला की त्या दोन्ही बाटल्या माझ्याच होत्या, वास मी मनाने लावला, इथलं पेट्रोल चांगलं आहे. एका दमात. मिशीवाले पलीकडे, आपल्या फुटपाथच्या कडेवर उभे राहून ऐकत होते. हुकूम अजून उठला नव्हता.

टॅक्सीमालक आधी लाल झाला, त्याला स्वतःचा ठसका आठवला असावा. मग इतका हसला की हवा भरायच्या नळीपाशी बसकण मारली. शेवटी म्हणाला की टॅक्सी आहेत तिथेच राहू देत, नाकं बदलायचा त्याला कंटाळा आहे. फाइल घेऊन गेला.

मी हसलो नाही, ताई. फार जड गेलं. चहा मागवला. दादाने उभ्यानेच घेतला आणि म्हणाला की तुझ्या पंपावर वास येतो. मी विचारलं, कसला. म्हणाला, पेट्रोलचा.

भाओजींना नमस्कार. तुझा लोभ आम्हा दोघांत नेहमीसारखा मोजून वाट.

तुझा धाकटा

ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. आज सकाळी मिशीवाले डबा घेऊन इकडे आले. दादाच्या स्कूटरसाठी पेट्रोल हवं होतं. पैसे दिले, पावती घेतली आणि परत गेले.