अकरा बोटं पाऊस

बा, तुझा गोठ्यातला सागवानी खांब पाहायला हैदराबादेहून एक पोरगी आली होती. पाया पडली, खाली बसली आणि चहा नको म्हणाली. तेव्हाच मले शंका आली. चहा नाकारणारा माणूस काहीतरी मोठं न्यायला आलेला असतो. हवा बदलत चालली, तिच्यापायी एका दिवसात भलताच पाऊस कोसळणं वाढलं का, हे ती शोधून राह्यली म्हणे. पाऊस मोजायचं सरकारी यंत्र मंडलाच्या गावी, तेही अलीकडचं. जुना पाऊस कोणी लिहून ठेवला नाही, तुझ्याशिवाय.

मी म्हटलं, "आज पाऊस विचारतेस, उद्या पहाणीचा कागद मागशील. कोणाले पायजे आमची जमीन?"

"अव्वा, जमीन नको मला. खाचा मोजू द्या फक्त."

तू अंगणातल्या दगडी उखळात पाऊस मोजायचास. सकाळी ज्वारीचा धांडा बुडवायचा, ओला झालेला भाग बोटांनी मोजायचा, आणि चार बोटांवर गेला तरच खांबावर खाचा, बोटामागे एक. मग हाक यायची, "उखळ कोरडं कर वं!" उखळ जमिनीत गाडलेलं, उलटं करता येत नाही. लोट्यानं पाणी उपसायचं, फडक्यानं पुसायचं. शाळेतून तू मले दुसरीतच काढलंस, म्हणून ही अक्षरं अशी लंगडी. उखळावरून मात्र कधी काढलं नाहीस.

पोरगी दोन दिवस राबली. उखळ तळाला निमुळतं, म्हणून मापाच्या भांड्यानं पाणी ओतते, धांडा बुडवते, वहीत लिहिते. मी दारातून नजर ठेवून होती, सर्वे नंबर तर उतरवत नाही ना. दुसऱ्या दिवशी ती खांबापाशी थबकली.

"अव्वा, अकरा? एका दिवसात? एवढा पाऊस तर यंत्रातही नाही."

माझा लेक ओट्यावरून ओरडला, "आमचा आजा खोटं कोरत नव्हता! अन् त्या अकरा बोटांतबी नाल्याकाठची आपली जागा कोरडी राह्यली होती. म्हणूनच तिथं घर बांधून राह्यलो. लोक उगाच भेवाडतेत."

पाया खोदून तयार आहे, बा. नातवंडं तिथंच निजणार.

तो दिवस मले चांगला आठवतो. आदल्या दिवशीचा पाऊस मी उपसलाच नव्हता. शेजारच्या पोरींत चिंचोके खेळत बसली होती. रात्रभर त्याच पाण्यावर पाणी पडलं. सकाळी तू धांडा वर काढतोस, बोटं मोजतोस, पुन्हा मोजतोस, आणि तुझं तोंड असं फुलतं, की माझ्या लग्नातही तसं फुललं नाही. गावभर सांगत सुटलास. पाटलानं मुद्दाम येऊन खांब पाहिला. मी गप्प. मार बसेल म्हणून, दुसरं कारण नाही.

पण आता मले तुझाच संशय येतो. अकरा बोटं पडली आणि नाल्यानं काठ सोडला नाही, हे तुझ्यासारख्या माणसाच्या ध्यानात आलं नाही? एवढ्याशा ढेकळावरून मले तास-तास बोलणारा तू, त्या दिवशी उखळ पुसलं होतं का, एवढं काऊन विचारलं नाहीस? का ठाऊक होतं, आणि पाटलासमोरचा मान सोडवत नव्हता?

मी दोघांच्या समोर सांगून टाकलं. दोन दिवसांचा पाऊस आहे तो, एकाचा नाही.

लेक काळाठिक्कर पडला. "माय, पाया खोदून झाल्यावर सांगतेस?"

"घरात पाणी शिरल्यावर सांगू का मंग?"

पोरगी रागावली नाही. अकरावर रेघ मारली, बाजूला काहीतरी लिहिलं आणि वर पाहिलं. "बाकी खाचा कामाच्या आहेत, अव्वा. पण असं आणखी कधी झालं होतं?"

लेक माझ्या तोंडाकडे पाहून राह्यला होता. तुझा अख्खा खांब त्या एका उत्तरावर उभा होता.

"नाही वं," मी म्हटलं. "एकदाच."

तिनं तसं लिहून घेतलं आणि गेली. हा कागद तुझ्यापर्यंत येणार नाही, म्हणून लिहिते. एकदाच नव्हतं, बा. किती वेळा, ते मलेच ठाऊक नाही.